नळीचा रिपोर्ट हातात आल्यावर: आधी काय वाचायचं, पैसे कोणत्या क्रमाने खर्चायचे

"ताई, डावी नळी बंद आहे आणि उजवी अरुंद आहे, असं लिहिलंय. आता काय करायचं?"

मावसबहिणीचा फोन आला तेव्हा ती एक्स-रे सेंटरच्या जिन्यात उभी होती. हातात मोठा पिवळा लिफाफा, त्यात काळी फिल्म आणि इंग्रजीतल्या पाच ओळी. संध्याकाळपर्यंत तिच्या पर्समध्ये आणखी एक कागद आला. टेस्ट ट्यूब बेबीच्या पॅकेजचं छापील पत्रक होतं ते. एक लाख ऐंशी हजार रुपये, खाली बारीक अक्षरांत 'औषधांचा खर्च वेगळा'. मधल्या चार तासांत त्या पाच ओळींचा अर्थ तिला कुणीही सांगितला नव्हता. नवऱ्याची वीर्यतपासणी तर तोवर झालीच नव्हती.

त्या रात्री आम्ही एका दोनशे पानी वहीत दोन रकाने आखले. डावीकडे रक्कम लिहायची आणि उजवीकडे 'या पैशांत कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळालं' ते. पुढचे काही महिने ती वही प्रत्येक ओपीडीत आमच्याबरोबर होती. हा लेख त्या वहीवरून लिहिला आहे. उपचार काय घ्यायचे हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण रिपोर्ट वाचता आला आणि खर्चाचा क्रम कळला, की डॉक्टरांशी बोलणं सोपं होतं आणि घाबरून सह्या केल्या जात नाहीत.

एचएसजीत नेमकं काय दिसतं?

गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना एकेक नळी असते, दहा ते बारा सेंटिमीटर लांब. पिशवीजवळ तिचा आतला मार्ग जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. पुढे ती रुंद होत जाते आणि टोकाला झालरीसारखी उघडते. अंडाशयातून सुटलेलं स्त्रीबीज ही झालर उचलून घेते आणि नळीच्या रुंद भागात त्याचा शुक्राणूशी संयोग होतो. तयार झालेला गर्भ चार-पाच दिवसांत पिशवीत उतरतो. म्हणजे नळीला दोन कामं असतात. वाट मोकळी ठेवायची आणि आतल्या सूक्ष्म केसांनी गर्भाला पुढे सरकवायचं.

एचएसजी, म्हणजे हिस्टेरोसाल्पिंगोग्राफी, यांपैकी फक्त पहिलं काम तपासते. गर्भपिशवीच्या तोंडातून बारीक नळीने पाच-दहा मिलिलिटर आयोडीनयुक्त डाय सोडतात आणि एक्स-रेच्या पडद्यावर पाहतात. आधी पिशवीचा पांढरा त्रिकोण भरतो. मग दोन्ही कोपऱ्यांतून सुतासारख्या दोन रेघा निघतात. नळी मोकळी असेल तर रेघेच्या टोकाशी डाय धुरासारखा पोटात पसरतो. या पसरण्यालाच रिपोर्टमध्ये 'स्पिल' म्हणतात.

त्या दिवशी, त्या दाबाला, त्या दहा मिनिटांत डाय कसा वाहिला, एवढंच ती फिल्म सांगते. नळी आतून निरोगी आहे की नाही, ते तिच्यात दिसत नाही.

रिपोर्टमधले शब्द, सोप्या मराठीत

बायलॅटरल फ्री स्पिल: दोन्ही नळ्यांतून डाय मोकळेपणाने बाहेर आला. चांगली बातमी.

प्रॉक्झिमल किंवा कॉर्न्युअल ब्लॉक: नळी पिशवीच्या कोपऱ्यातच अडलेली दिसते. या शब्दाने सर्वांत जास्त घबराट होते, आणि सर्वांत जास्त फसगतही याच शब्दाने होते. डाय जाताना पिशवीला कळ आली, तर तिथला स्नायू आखडतो आणि मोकळी नळीही बंद दिसते. कधी नुसता चिकट स्राव अडकलेला असतो. एका अभ्यासात अशा स्त्रियांची महिन्याभराने पुन्हा एचएसजी केली, तेव्हा आधी बंद दिसलेल्या सुमारे ६० टक्के नळ्या मोकळ्या निघाल्या.

नॅरोइंग, म्हणजे अरुंद नळी: पिशवीजवळचा भाग मुळातच बारीक असतो, हे आधी लक्षात घ्या. एका फिल्मवरचं 'अरुंद' हे आखडल्यामुळे असू शकतं किंवा डायचा दाब कमी पडल्यामुळेही. अरुंदपणा प्रत्येक फिल्ममध्ये त्याच जागी दिसतो का आणि पलीकडे डाय पोचला का, हे दोन प्रश्न विचारा.

डिलेड किंवा लॉक्युलेटेड स्पिल: डाय उशिरा बाहेर आला, किंवा बाहेर येऊन एकाच जागी साचला. नळीच्या बाहेरून चिकटलेले पडदे असण्याची ही खूण. जुना पोटातला संसर्ग, एंडोमेट्रिओसिस, फुटलेलं अपेंडिक्स, आधीचं ऑपरेशन, यांतलं काहीही कारण असू शकतं.

हायड्रोसाल्पिंक्स: नळीचं टोक बंद होऊन आत पाणी साचलं आणि नळी फुगली. हा गंभीर निष्कर्ष आहे. हे पाणी पिशवीत झिरपतं आणि आयव्हीएफचं, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी तंत्राचं, यशही जवळजवळ निम्म्यावर आणतं. म्हणून आयव्हीएफच्या आधी अशी नळी काढण्याचा किंवा पिशवीजवळ बंद करण्याचा सल्ला दिला जातो.

बीडेड ट्यूब, पाइपसारखी ताठ नळी: मण्यांच्या माळेसारखी किंवा ताठर दिसणारी नळी जननमार्गाच्या क्षयाची शंका दाखवते. आपल्या देशात नळ्या खराब होण्याचं हे एक महत्त्वाचं कारण आहे. खोकला नसतो, ताप नसतो, पाळी थोडी कमी होते, एवढंच.

साल्पिंजायटिस इस्थमिका नोडोसा: नळीच्या अरुंद भागात बारीक कप्पे तयार होतात. इथे गर्भ अडकण्याचा, म्हणजे नळीत गर्भ राहण्याचा धोका वाढतो.

आता एक आकडा. ब्रिटन-अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत तो दिलेला असतो. एचएसजीत नळ्या मोकळ्या दिसल्या, तर दुर्बिणीतून पाहिल्यावर १०० पैकी ९४ वेळा त्या मोकळ्याच निघतात. एचएसजीत बंद दिसल्या, तर दुर्बिणीतून खरोखर बंद निघण्याचं प्रमाण अवघं ३८. आपल्याकडे क्षयाचं प्रमाण जास्त असल्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत, पण त्यांचा कल स्पष्ट आहे. 'मोकळी' या शब्दावर बराच भरवसा ठेवा. 'बंद' या एकट्या शब्दावर लाखाचा निर्णय घेऊ नका.

खर्चाची शिडी

खाली दिलेले दर पुणे, नाशिक, ठाणे, नागपूर अशा शहरांतल्या खासगी दवाखान्यांतली साधारण पट्टी म्हणून धरा. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलांत ते याहून वर जातात, तालुक्याच्या गावी कमी असतात. ठरवण्याआधी निदान दोन ठिकाणी फोन करा.

१. वीर्यतपासणी: ५०० ते १,५०० रुपये. शिडीची पहिली पायरी हीच. मूल न राहण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीने असतं. ही तपासणी स्वस्त आहे, तिच्यात सुई नाही, वेदना नाहीत. तरी आपल्याकडे आधी सुनेला टेबलावर झोपवतात आणि मुलाची बाटली सहा महिन्यांनी लॅबमध्ये पोचते. नमुना देण्याआधी दोन ते सात दिवस वीर्यस्खलन टाळावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या निकषांत किमान मर्यादा अशा आहेत: दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू, ४२ टक्के हालचाल, ४ टक्के योग्य आकार. पहिला रिपोर्ट कमी आला, तर काही आठवड्यांनी पुन्हा करतात. एका नमुन्यावर निकाल लावत नाहीत.

२. आतून केलेली सोनोग्राफी: ८०० ते २,००० रुपये. थायरॉइड: २०० ते ५०० रुपये. एएमएच: १,२०० ते २,५०० रुपये. पिशवी, गाठी, अंडाशय आणि स्त्रीबीजांचा उरलेला साठा यांची उत्तरं इथे मिळतात. साधी, निरोगी नळी सोनोग्राफीत दिसत नाही. 'सोनोग्राफी नॉर्मल आहे' याचा अर्थ 'नळ्या मोकळ्या आहेत' असा होत नाही. एएमएच कमी आलं म्हणून नैसर्गिकरीत्या मूल राहणार नाही, असंही नाही. वेळ किती हाताशी आहे, याचा अंदाज त्यावरून येतो.

३. एचएसजी: २,००० ते ६,००० रुपये. भाव विचारताना चार गोष्टी धरून विचारा: डाय, कॅथेटर किट, इंजेक्शन आणि फिल्म. फोनवर सांगितलेल्या रकमेत किट धरलेलं नसतं आणि काउंटरवर हजाराचा फरक पडतो. काही ठिकाणी तेलयुक्त डाय वापरतात, तो महाग असतो. नेदरलँड्समधल्या २७ हॉस्पिटलांत १,११९ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७मध्ये प्रसिद्ध झाले. तेलयुक्त डायनंतर सहा महिन्यांत ३९.७ टक्के स्त्रियांना गर्भ राहून टिकला, पाण्यातल्या डायनंतर २९.१ टक्के. म्हणजे तपासणीने कधी कधी नळी धुऊन निघते. पण थायरॉइडचा त्रास असेल तर तेलयुक्त डायबाबत आधी डॉक्टरांशी बोला.

४. सोनोसाल्पिंगोग्राफी, म्हणजे एसएसजी: २,००० ते ५,००० रुपये. डायऐवजी सलाईन आणि एक्स-रेऐवजी सोनोग्राफी. किरणांचा संबंध नाही. सलाईन पोटात आलेलं दिसलं, तर निदान एक नळी मोकळी आहे हे कळतं. कोणती, ते नेहमी कळत नाही.

५. क्षयाच्या तपासण्या: ३,००० ते ८,००० रुपये. शंका असेल तर पिशवीच्या अस्तराचा तुकडा घेऊन तो पॅथॉलॉजी, सीबीनॅट आणि कल्चरला पाठवतात. इथे दोन सावधगिऱ्या. क्षयाचं निदान करणाऱ्या रक्तातल्या अँटिबॉडीच्या चाचण्यांवर भारत सरकारने २०१२मध्येच बंदी घातली आहे. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. आणि एकट्या पीसीआरच्या जोरावर सहा महिन्यांची औषधं सुरू करण्याआधी दुसरं मत घ्या. निदान पक्कं झालं, तर औषधं सरकारी क्षयरोग कार्यक्रमातून मोफत मिळतात, शिवाय निक्षय पोषण योजनेत महिन्याला १,००० रुपये खात्यात जमा होतात. या औषधांनी क्षय थांबतो, पण आधी खराब झालेली नळी पूर्ववत होत नाही, हेही समजून घ्या.

६. दुर्बिणीची तपासणी, म्हणजे लॅपरोस्कोपी आणि हिस्टेरोस्कोपी: ४०,००० ते १,००,००० रुपये. पूर्ण भूल देऊन निळा डाय सोडतात आणि तो नळीतून बाहेर येताना डोळ्यांनी पाहतात. भुलीत कळ नसते, म्हणून आखडलेली नळी इथे सहसा खरी परिस्थिती दाखवते. चिकटलेले पडदे त्याच वेळी सोडवता येतात. नळीच्या तोंडाशी अडथळा असेल तर बारीक तार घालून वाट मोकळी करायचा प्रयत्न होतो, त्याला कॅन्युलेशन म्हणतात. आत जाण्याआधीच विचारा: 'तपासणीत काही सापडलं तर त्याच भुलीत उपचार करणार का, आणि त्याचे पैसे याच रकमेत आहेत का?' नाहीतर दोनदा भूल आणि दोनदा बिल.

७. आययूआय: प्रत्येक वेळी ५,००० ते १५,००० रुपये. यात शुद्ध केलेलं वीर्य पिशवीत सोडतात, पुढचा प्रवास नळीतूनच व्हायचा असतो. त्यामुळे निदान एक नळी मोकळी असल्याची खात्री नसताना आययूआय करणं म्हणजे पैसे आणि महिने दोन्ही घालवणं. 'आधी तीन आययूआय करू, मग नळ्या बघू' असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबून कारण विचारा.

८. आयव्हीएफ: एका प्रयत्नाला दीड ते अडीच लाख रुपये, औषधं धरून. हे तंत्र जन्माला आलं तेच बंद नळ्यांसाठी. २५ जुलै १९७८ला इंग्लंडमध्ये जन्मलेल्या लुईस ब्राऊनच्या आईच्या नळ्या बंद होत्या. दोन्ही नळ्या खरोखर निकामी असतील, तर हा सरळ आणि योग्य मार्ग आहे, त्यात कमीपणा काही नाही. फक्त 'खरोखर' हा शब्द आधी सिद्ध झालेला असावा.

कोणत्या निकालाला कोणती पायरी?

दोन्ही नळ्या मोकळ्या असतील तर नळ्यांवर आणखी खर्च नको. बाकी कारणं शोधा.

एक मोकळी, एक बंद असेल तरीही नैसर्गिक गर्भधारणा शक्य असते. दुसऱ्या बाजूचं बीजही मोकळी नळी कधी कधी उचलते. वय कमी असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर काही महिने थांबण्याचा सल्ला मिळू शकतो.

पिशवीजवळ बंद किंवा अरुंद दिसत असेल तर आधी खात्री करा. पुन्हा एचएसजी, एसएसजी किंवा थेट दुर्बीण, यांतलं काय, ते वय आणि बाकीचे रिपोर्ट पाहून ठरतं.

टोकाशी बंद आणि फुगलेली असेल तर दुर्बीण आणि पुढच्या मार्गाचा विचार एकत्र करा. आयव्हीएफचं पॅकेज घेणार असाल तर 'या फुगलेल्या नळीचं आधी काय करणार?' हे विचारल्याशिवाय सही करू नका.

क्रमाने जा याचा अर्थ रेंगाळा असा नाही. पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर प्रयत्न करून तपासण्यांना लागतात. पस्तिशीनंतर सहा महिने पुरे. पहिल्या तीन पायऱ्या एका पाळीच्या चक्रात पूर्ण होऊ शकतात. अडतिसाव्या वर्षी 'पुन्हा एचएसजी करून बघू' म्हणत चार महिने घालवणंही महागच पडतं. ते फक्त बिलावर दिसत नाही.

आणि एक कळकळीचं सांगणं. चूर्ण, काढा, पोटाचा मसाज यांनी बंद नळी उघडते, अशा जाहिराती हजारो रुपयांची पाकिटं विकतात. नळीत आतून व्रण बसला असेल, तर तो असल्या उपायांनी जातो याला भरवशाचा पुरावा नाही. ते पैसे दुर्बिणीसाठी ठेवा.

एचएसजीच्या दिवशी

पाळी सुरू झाली त्याच दिवशी सेंटरला फोन करून नंबर लावा. तपासणी रक्तस्राव थांबल्यावर, साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसात करतात. त्या पाळीपासून तपासणीपर्यंत संबंध टाळायचे, म्हणजे गर्भ राहिल्याची शंका राहत नाही. आयोडीनची ॲलर्जी, थायरॉइड, अंगावरून दुर्गंधीयुक्त पांढरं जाणं, ताप, पूर्वीचा क्षय, यांतलं काहीही असेल तर आधी सांगा. संसर्ग चालू असताना एचएसजी करत नाहीत.

डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी तासभर आधी घ्या. हा खर्च पाच-दहा रुपयांचा, पण कळ कमी झाली तर नळी आखडण्याची शक्यताही कमी होते. पाळीच्या पहिल्या दिवशी दुखतं तसं, कधी त्याहून जास्त, पाच-दहा मिनिटं दुखतं. बरोबर कुणीतरी हवं. एकदोन दिवस थोडं लाल-चिकट जाईल, पॅड जवळ ठेवा. ताप, वाढती पोटदुखी किंवा दुर्गंधी आली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. शंभरात एक ते तीन स्त्रियांना नंतर संसर्ग होऊ शकतो.

घरी परतताना फिल्म किंवा सीडी घेतल्याशिवाय निघू नका. दुसरं मत देणारे डॉक्टर नुसत्या लिखित ओळींवर बोलत नाहीत, त्यांना चित्र लागतं. चित्र नसेल तर तपासणी पुन्हा, पैसेही पुन्हा.

हे पान फ्रिजवर लावा

नळी अरुंद किंवा दुरुस्त केलेली असेल आणि दिवस राहिले, तर आनंदाबरोबर एक काळजी घ्यायची. पाळी चुकून चाचणी पॉझिटिव्ह आली, की आठवड्या-दोन आठवड्यांत सोनोग्राफी करून गर्भ पिशवीतच आहे ना, याची खात्री करा. नळीत राहिलेला गर्भ लवकर कळला तर कधी कधी औषधानेच निभावतं. उशीर झाला तर नळी फुटते आणि जीवावर बेततं. एका बाजूला तीव्र दुखणं, डाग लागणं, खांद्यात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही झालं तर तडक हॉस्पिटल गाठा. सकाळची वाट पाहू नका.

सरकारी दार

महाराष्ट्र सरकारच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे ग्रामीण, उपजिल्हा, जिल्हा आणि स्त्री रुग्णालयांत, १५ ऑगस्ट २०२३पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. नळ्यांची तपासणी तिथे होते का, हे त्या त्या रुग्णालयातल्या यंत्रणेवर अवलंबून असतं, म्हणून केसपेपर काढतानाच विचारा. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं या निर्णयात येत नाहीत, पण तिथलं शुल्कही खासगीच्या तुलनेत बरंच कमी असतं. रांग मोठी, तारीख लांबची, पण कामाचा अनुभव दांडगा. मुंबईच्या केईएम या महापालिकेच्या रुग्णालयातच ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला होता. गोव्यातल्या वाचकांसाठी: बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमध्ये २०२३मध्ये मोफत आयव्हीएफ सेवा सुरू झाली.

विमा, जीएसटी आणि हप्ते

आरोग्य विम्याच्या पॉलिसीत 'एक्सक्लुजन १७' हे कलम शोधा. वंध्यत्व आणि त्यावरचे उपचार बहुतेक पॉलिसींत या कलमाखाली वगळलेले असतात. काही कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या गट विम्यात मात्र सोय असते, ती एचआरकडून लेखी विचारून घ्या. एंडोमेट्रिओसिस किंवा दुखणारी फुगलेली नळी अशा आजारासाठी शस्त्रक्रिया होणार असेल, तर विमा कंपनीला आधीच, कागदपत्रांसह विचारा. आजार जो आहे तोच लिहिलेला असावा. विमा मिळावा म्हणून निदान बदलून लिहून घेणं पुढे तुमच्याच अंगाशी येतं.

तपासण्या आणि आयव्हीएफ आरोग्यसेवेत मोडतात, त्यांवर जीएसटी नाही. आयव्हीएफबद्दल केंद्र सरकारने २०२२मध्ये तसा खुलासाही केला आहे. बिलात तो लावलेला दिसला तर कोणत्या नियमाने, ते विचारा. 'शून्य टक्के व्याजा'च्या हप्त्यांवर सही करण्याआधी प्रोसेसिंग फी आणि उपचार मध्येच थांबवल्यास काय होतं, हे वाचा. कर्ज कंपनीचं असतं, उपचार थांबले तरी हप्ते थांबत नाहीत.

क्लिनिकमध्ये विचारायचे सहा प्रश्न

१. हा निष्कर्ष पक्का आहे की आखडल्यामुळेही असं दिसू शकतं?
२. पुढच्या तपासणीने उपचार बदलणार आहे का? बदलणार नसेल तर ती कशासाठी?
३. माझं वय आणि आमचे दोघांचे रिपोर्ट पाहता थांबायला किती वेळ आहे?
४. या रकमेत भूल, किट, औषधं, खोली, पुन्हा दाखवण्याची फी काय काय धरलंय? लेखी द्याल का?
५. आयव्हीएफच्या आकड्यात गर्भ गोठवणं आणि नंतर सोडणं धरलंय का?
६. यशाचं प्रमाण सांगताय ते चाचणी पॉझिटिव्ह येण्याचं, की मूल घरी नेण्याचं? आणि माझ्या वयोगटातलं किती?

कायद्याने तुमचं काय आहे

महाराष्ट्राच्या नर्सिंग होम नियमांत २०२१मध्ये सुधारणा झाली. त्यानुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. तुमच्या उपचारांची कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत डॉक्टरांनी द्यायची असतात. फाईल 'सेंटरची' नसते. आययूआय आणि आयव्हीएफ करणाऱ्या क्लिनिकची २०२१च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याखाली नोंदणी हवी. प्रमाणपत्र पाहायला मागा, त्यात संकोच कसला? या कायद्यात उपचारांसाठी वयोमर्यादाही ठरवली आहे, स्त्रीसाठी २१ ते ५० आणि पुरुषासाठी २१ ते ५५. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्येच स्पष्ट केलं आहे. आधी क्लिनिकला लेखी तक्रार द्या. उत्तर मिळालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच.

वहीतलं शेवटचं पान

बहिणीच्या नवऱ्याची वीर्यतपासणी दुसऱ्याच आठवड्यात झाली. ७०० रुपये. समोर लिहिलं, 'त्याच्याकडून अडचण नाही'. दुसरं मत देणाऱ्या बाईंनी फिल्म खिडकीशी धरून बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "लहानपणी पोटाचं काही ऑपरेशन झालंय का?" नववीत असताना तिचं अपेंडिक्स फुटलं होतं. पहिल्या ठिकाणी हा प्रश्नच कुणी विचारला नव्हता.

दुर्बीण झाली. डाव्या, 'बंद' लिहिलेल्या नळीतून निळा डाय पहिल्याच प्रयत्नात बाहेर आला, त्या दिवशी ती आखडली होती इतकंच. उजव्या बाजूला अपेंडिक्सच्या जुन्या जागेपासून पडदे चिकटलेले होते, ते त्याच भुलीत सोडवले. पिशवीचा तुकडा क्षयासाठी पाठवला, तो निगेटिव्ह आला. एचएसजीचे ३,५००, वीर्यतपासणीचे ७००, क्षयाच्या तपासणीचे ४,२००, दुर्बिणीचे ६२,०००. बेरीज सत्तर हजार चारशे.

ही रक्कम तिच्या घराला जड गेली आणि पुढे कदाचित आयव्हीएफही करावं लागेल, हे तिला ठाऊक आहे. सध्या ती एकोणतीस वर्षांची आहे आणि डॉक्टरांनी काही महिने घरीच प्रयत्न करायला सांगितलं आहे. वहीच्या पहिल्या पानावर ते एक लाख ऐंशी हजारांचं पत्रक तिने अजून टाचून ठेवलं आहे. त्याच्यासमोरचा उजवा रकाना रिकामा आहे. कधी काळी तो भरावा लागला, तर त्यात कोणतं उत्तर लिहायचं, हे आता तिला माहीत असेल.